दुखापत बरी होते, ताकद मात्र परत आणावी लागते

कागल तालुक्यातल्या कोणत्याही गावात पहाटे साडेपाचला रस्त्यावर उभे राहिले, की अंधारातून धावत येणारी मुले-मुली दिसतात. कुणाच्या पायात नवे बूट, कुणाच्या पायात शाळेतलेच कॅनव्हास, तर कुणी अनवाणी. पोलीस भरती आणि अग्निवीर भरती ही या मुलांची वर्षभराची आशा. ऑगस्ट २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने सुमारे १५ हजार पोलीस पदांच्या भरतीला मंजुरी दिली आणि ही पहाटेची गर्दी आणखी वाढली. पोलीस शिपाई पदासाठी मैदानी चाचणी ५० गुणांची असते. मुलांना १६०० मीटर धावण्याचे २० गुण, १०० मीटर धावण्याचे १५ आणि गोळाफेकीचे १५. मुलींना १६०० ऐवजी ८०० मीटर धावावे लागते. एका गुणाने यादीतून नाव जाते. म्हणून मुले जिवाच्या आकांताने पळतात.

यातली काही मुले दीड-दोन महिन्यांनी सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात लंगडत येतात. तक्रार बहुतेकांची एकच असते: नडगी दुखते. मागणीही एकच असते: “डॉक्टर, एक इंजेक्शन मारा, चार दिवसांनी ग्राउंड हाय.” या मागणीमागची घाई समजण्यासारखी आहे. पण इंजेक्शनने त्या मुलाचे ग्राउंड वाचत नाही. कधी कधी पुढचे वर्षही जाते.

नडगी का दुखते?

धावायला सुरुवात केली की दम लवकर वाढतो. तीन-चार आठवड्यांत छाती भरून येणे कमी होते, पायात जोर आल्यासारखे वाटते आणि मुलगा अंतर दुप्पट करतो. हाडाचे गणित मात्र वेगळे असते. हाड जिवंत असते. त्यावर ताण वाढला की शरीर आधी जुना भाग काढून टाकते आणि मग तिथे नवा, अधिक भक्कम भाग भरते. काढण्याचे काम साधारण तीन आठवड्यांत होते, भरण्याचे काम मात्र तीन-चार महिने चालते. घराची जुनी भिंत पाडली आहे, नवी अजून उभी राहायची आहे आणि नेमक्या त्याच वेळी छतावर जादा ओझे टाकले, तसा हा प्रकार होतो.

सुरुवातीला नडगीच्या आतल्या कडेने वीतभर जागेत दुखते. पळायला लागल्यावर दुखते, अंग गरम झाल्यावर थोडे कमी होते. ही पहिली घंटा. इथेच थांबले नाही, तर हाडाला बारीक चीर पडू शकते. त्याला स्ट्रेस फ्रॅक्चर म्हणतात. मग एका बोटाने दाखवता येईल अशा नेमक्या ठिकाणी दुखते, चालतानाही दुखते, रात्री ठणकते. हा विकार नवा नाही. १८५५ मध्ये प्रशियाच्या सैन्यातील ब्राइटहाउप्ट नावाच्या डॉक्टरने सैनिकांच्या पायांत तो नोंदवला होता आणि लांब कवायतीमुळे होतो म्हणून त्याला ‘मार्च फ्रॅक्चर’ हे नाव पडले. पहिले दोन-तीन आठवडे ही चीर साध्या एक्स-रेमध्ये दिसत नाही, हे विशेष लक्षात ठेवावे. “एक्स-रे नॉर्मल आहे, पळ” असा निष्कर्ष काढून अनेकजण पुन्हा रस्त्यावर उतरतात. वेदनाशामक गोळी किंवा इंजेक्शन घेऊन पळणारा मुलगा दुखणे बरे करत नसतो, धोक्याची घंटा बंद करत असतो. बारीक चिरेचे पूर्ण फ्रॅक्चर होते ते असेच.

मुलींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट विचारायला हवी आणि ती सहसा कुणी विचारत नाही. सराव वाढवल्यावर पाळी अनियमित झाली किंवा बंद झाली, तर शरीराला खर्चाच्या मानाने अन्न कमी पडत असल्याची ती खूण असते. अशा वेळी हाडे कमकुवत होतात. ‘पळतेय म्हणून असेल’ असे म्हणून हे सोडून देऊ नये. रक्तातील हिमोग्लोबिन तपासावे, जेवण वाढवावे आणि डॉक्टरांना दाखवावे.

तयारी जाहिरात आल्यावर सुरू होत नाही

दुखापत टाळण्याचा सर्वांत खात्रीचा उपाय कोणता, यावर बराच अभ्यास झाला आहे. २०१४ मध्ये सुमारे २६ हजार खेळाडूंवरील २५ चाचण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. नुसत्या स्ट्रेचिंगने दुखापती कमी झाल्याचे त्यात दिसले नाही. ताकदीच्या व्यायामाने मात्र खेळातील दुखापती एक तृतीयांशाहूनही कमी झाल्या आणि अतिवापराने होणारी दुखणी जवळपास निम्म्यावर आली. आपल्याकडे पळण्याआधी पाच मिनिटे पाय ताणले की तयारी झाली, असे समजतात. ती सवय वाईट नाही, पण ती पुरेशी नाही.

कोल्हापूर जिल्ह्याला हे नवे वाटू नये. कागलच्या घाटगे घराण्यात जन्मलेल्या राजर्षी शाहू महाराजांनी खासबाग मैदान उभारले, कुस्तीला आश्रय दिला आणि त्यातून तालमींची परंपरा बहरली. तालमीत नवा पोर आला की वस्ताद त्याला पहिल्या दिवशी जोडीला सोडत नाहीत. आधी जोर, बैठका, मान आणि पाठ घट्ट करणे, माती उकरणे, मग हळूहळू लढत. ओझे टप्प्याटप्प्याने वाढवायचे, हे तत्त्व त्यात आपोआप पाळले जाते. भरतीच्या धावण्यात नेमका हाच क्रम उलटा होतो. आधी अंतर, मग वेग आणि ताकदीचे कुणी नाव घेत नाही.

भरतीची तयारी करणाऱ्याने जाहिरातीची वाट न पाहता किमान बारा आठवडे आधी सुरुवात करावी. पहिले तीन आठवडे दिवसाआड पळावे, तेही चालणे आणि धावणे आलटून-पालटून. डांबरी रस्त्यापेक्षा मातीचे सपाट मैदान बरे. दर आठवड्याला थोडे-थोडे वाढवावे आणि तीन-चार आठवड्यांनी एक आठवडा मुद्दाम हलका ठेवावा. मधल्या दिवशी बैठका, एका पायावर अर्धी बैठक, पाठीवर झोपून कंबर उचलणे आणि टाचा उचलण्याचा व्यायाम करावा. आपली पोटरी धावायला तयार आहे का, याची घरच्या घरी करता येण्यासारखी चाचणी आहे: भिंतीला हात लावून एका पायावर उभे राहावे आणि सलग २० ते २५ वेळा टाच पूर्ण उचलावी. दोन्ही पायांनी हे जमत नसेल, तर वेगाच्या मागे लागू नये. गोळाफेकीसाठी खांद्याची आणि पाठीची ताकद लागते. ती शेवटच्या आठवड्यात शेकडो वेळा गोळा फेकून येत नाही.

नडगी दुखू लागलीच, तर धावणे थांबवावे, पण सगळा व्यायाम थांबवू नये. सायकल, पोहणे, वरच्या अंगाचा व्यायाम चालू ठेवता येतो. अर्धा तास भरभर चालताना आणि एका पायावर उड्या मारताना अजिबात दुखत नाही, असे झाले की पुन्हा चालणे-धावणे सुरू करावे. एका बोटावर दाखवता येणारे दुखणे असेल, तर मात्र आधी डॉक्टरांकडे जावे.

मुरगळलेला घोटा आणि नऊ महिन्यांचा गुडघा

कोल्हापूरचा फुटबॉल हंगाम म्हणजे शाहू स्टेडियमवर तालीम मंडळांची ईर्षा. त्यात घोटे मुरगळतातच. घोटा मुरगळला की गावाकडे तेल लावून जोरात चोळायची पद्धत आहे. शहरात तीन आठवडे प्लॅस्टर घालून बसवण्याची होती. दोन्ही टोकाचे उपाय. पहिले दोन-तीन दिवस आत रक्तस्राव आणि सूज असते, तेव्हा चोळल्याने नुकसानच होते. आणि फार दिवस पाय बांधून ठेवला, तर स्नायू वाळतात, सांधा आखडतो.

बर्फ, दाब, उंचावर पाय आणि विश्रांती हा सल्ला अमेरिकी डॉक्टर गेब मर्किन यांनी १९७८ मध्ये लोकप्रिय केला. पूर्ण विश्रांती आणि सतत बर्फ यांनी बरे होणे लांबू शकते, असे त्यांनीच २०१४ मध्ये मान्य केले. आजची पद्धत अशी: पहिले एक ते तीन दिवस पाय जपावा, क्रेप बँडेज बांधावे, पाय उशीवर ठेवावा, दुखणे फार असेल तर थोडा वेळ बर्फ लावावा. त्यानंतर सोसवेल तेवढे वजन टाकत चालायला सुरुवात करावी. मग घोट्याची हालचाल, टाचा उचलणे आणि शेवटी एका पायावर तोल सांभाळण्याचा सराव. हा तोलाचा सराव सगळेजण टाळतात आणि म्हणूनच एकदा मुरगळलेला घोटा पुन्हा पुन्हा मुरगळतो. दात घासताना एका पायावर उभे राहायला पैसे लागत नाहीत.

एक्स-रे केव्हा काढावा? दुखापतीनंतर चार पावलेही टाकता येत नसतील किंवा घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या हाडाच्या टोकाला वा मागच्या कडेला दाबल्यावर दुखत असेल, तर काढावा. पायाच्या मधल्या भागातील हाड दाबल्यावर दुखत असेल तरीही काढावा.

गुडघ्याची कथा याहून मोठी आहे. कुस्तीत किंवा फुटबॉलमध्ये पाय जमिनीला रोवलेला असताना अंग वळले, आत ‘कट्’ असा आवाज आला आणि दोन तासांत गुडघा टम्म फुगला, तर आतला क्रूशिएट लिगामेंट तुटल्याची शक्यता मोठी. विनेश फोगटच्या गुडघ्यावर ऑगस्ट २०२३ मध्ये मुंबईत हीच शस्त्रक्रिया झाली आणि पुढच्या ऑगस्टमध्ये तिने पॅरिस ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत धडक मारली. वजनामुळे ती अपात्र ठरली, ती गोष्ट वेगळी. तिच्या या पुनरागमनाकडे पाहून गावातल्या मल्लाला वाटते, ऑपरेशन झाले की गडी मैदानात. त्या दोन ऑगस्टच्या मधले महिने कुणी मोजत नाही.

ऑपरेशन तास-दीड तासाचे असते, उपचार नऊ महिन्यांचा. नॉर्वेत झालेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले, की नऊ महिन्यांपर्यंत मैदानावर परतणे जेवढे महिने लांबवले, तेवढ्या प्रत्येक महिन्यामागे गुडघा पुन्हा दुखावण्याचे प्रमाण सुमारे निम्म्याने घटले. मांडीची ताकद दुसऱ्या पायाच्या बरोबरीला आली आहे का, हे पाहूनच परतायचे असते. दुसरीकडे, लिगामेंट तुटलेल्या प्रत्येकाला ऑपरेशन लागतेच असेही नाही. स्वीडनमधील एका चाचणीत ज्या तरुणांना आधी नियमबद्ध व्यायाम दिला, त्यांच्यातल्या जवळपास निम्म्या जणांना पाच वर्षांतही ऑपरेशनची गरज पडली नाही. कुणाला करावे आणि कुणाला नाही, हे गुडघा किती डळमळतो आणि त्या माणसाला पुढे काय करायचे आहे, यावर ठरते. मल्लाची गरज वेगळी, दुकानात बसणाऱ्याची वेगळी. व्यायाम मात्र दोघांनाही चुकत नाही.

टाळण्याचा मार्गही उपलब्ध आहे. फुटबॉलपटूंसाठी फिफाने वीस मिनिटांचा वॉर्म-अप तयार करवून घेतला. धावणे, एका पायावरचा तोल, उडी मारून नीट उतरणे आणि मांडीच्या मागच्या स्नायूंची ताकद असे त्याचे भाग आहेत. नॉर्वेतील किशोरवयीन मुलींवरच्या चाचणीत त्याने दुखापती सुमारे एक तृतीयांशाने कमी झाल्या. त्याला चेंडू आणि मैदानाशिवाय काही साहित्य लागत नाही. प्रत्येक मंडळाच्या प्रशिक्षकाने आठवड्यातून दोन-तीनदा तो करून घ्यायला हरकत नाही.

मैदानात न उतरणाऱ्यांचे काय?

दुखापत म्हटले की खेळाडू डोळ्यांपुढे येतो. पण कागल हा साखर कारखान्यांचा आणि पंचतारांकित औद्योगिक वसाहतीचा तालुका आहे. गळीत हंगामात उसाच्या फडात कमरेत वाकून बुडख्याशी कोयता चालवणारी आणि मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढणारी माणसे पाहिली, तर कंबरदुखीचे मूळ शोधायला फार लांब जावे लागत नाही. यंत्रावर आठ तास एकाच पायावर भार देऊन उभा राहणारा कामगार आणि सकाळी चार घागरी उचलणारी बाईही त्याच रांगेत आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० मध्ये जगात सुमारे ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती. डिसेंबर २०२३ मध्ये या संघटनेने जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात रुग्णाला नीट समजावून सांगणे आणि व्यायाम यांवर भर आहे. पण आपल्याकडे खरी दखल घ्यायला हवी ती ‘हे नेहमीचे उपचार म्हणून देऊ नका’ या यादीची. कमरेचा पट्टा, ट्रॅक्शन म्हणजे वजन लावून ओढणे, अल्ट्रासाउंडचा शेक आणि त्वचेवर विजेचे सौम्य झटके देणारे टेन्स यंत्र ही त्यातली काही नावे. म्हणजे फिजिओथेरपी म्हटल्यावर सर्वसामान्य माणसाच्या डोळ्यांपुढे जे येते, बहुतेक तेच. रुग्णालाही यंत्र लावले की उपचार झाल्यासारखे वाटते आणि नुसता व्यायाम शिकवला, तर “डॉक्टरांनी काहीच केले नाही” अशी तक्रार असते. दहा दिवस शेक घेऊन थोडे बरे वाटते, अकराव्या दिवशी पुन्हा मोळी उचलली की दुखणे हजर. कारण कंबर पूर्वी होती तेवढीच राहिलेली असते.

ऊसतोड मजुराला “महिनाभर आराम करा” म्हणणे म्हणजे “मजुरी सोडा” म्हणणे. हंगामात तो ते करू शकत नाही. पण नवरा-बायकोचा एक ‘कोयता’ असेल, तर तोडणे, बांधणे आणि वाहणे ही कामे दोघांनी दिवसभरात आलटून-पालटून करता येतात. मोळी थोडी लहान बांधता येते. अधूनमधून ताठ उभे राहून कमरेवर हात ठेवून पाच-दहा वेळा मागे झुकता येते. दुखणे असतानाही चालत-फिरत राहणे हे अंथरूण धरण्यापेक्षा चांगले, हे त्याला पहिल्याच भेटीत सांगायला हवे.

ज्येष्ठांचा प्रश्न आणखी गंभीर आहे. न्हाणीघरात पाय घसरून खुब्याचे हाड मोडले, की पुष्कळदा त्या घरातले चालते-फिरते माणूस कायमचे परावलंबी होते. तोल आणि पायांच्या ताकदीचा नियमित व्यायाम करणाऱ्या ज्येष्ठांमध्ये पडण्याचे प्रमाण सुमारे एक चतुर्थांशाने घटते, असे २०१९ मधील एका मोठ्या आढाव्यात दिसले. हातांचा आधार न घेता खुर्चीवरून दहा वेळा उठणे-बसणे, ओट्याला धरून टाचा उचलणे आणि एका ओळीत पावले टाकणे, एवढ्याने सुरुवात होते. मधुमेह असलेल्यांमध्ये खांदा आखडण्याचे प्रमाण जास्त असते. तिथेही साखर आटोक्यात ठेवणे आणि सोसेल तेवढी हालचाल चालू ठेवणे, हेच औषध.

‘डॉ.’ लावायचे की नाही, यापलीकडचा प्रश्न

सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने फिजिओथेरपिस्टनी नावाआधी ‘डॉ.’ लावू नये, असे पत्र काढले आणि दुसऱ्याच दिवशी ते मागे घेतले. त्यावरून दोन्ही बाजूंनी जोरदार वाद झाला. रुग्णाची फसगत होऊ नये, ही चिंता खरी आहे. चार-पाच वर्षे शिकलेल्या व्यावसायिकाला ‘मालीशवाला’ समजले जाते, ही त्यांची खंतही खरी आहे. २०२१ मध्ये संसदेने सहयोगी आरोग्य व्यावसायिकांसाठी स्वतंत्र आयोगाचा कायदा केला, महाराष्ट्रात तर परिषदेचा कायदा २००२ पासून आहे. नोंदणी कुणाची आहे आणि कुणाची नाही, हे पाहण्याची सोय कायद्याने केली आहे. रुग्णानेही नोंदणी विचारायला संकोचू नये.

पण खेड्यातल्या रुग्णाचा प्रश्न उपाधीचा नाही, अंतराचा आहे. कागलपासून कोल्हापूरचे सीपीआर रुग्णालय सुमारे वीस किलोमीटर. रोज या, दहा दिवस या, असे सांगितले तर एसटीचे भाडे, बुडालेला रोज आणि सोबतीचे माणूस हे सगळे जुळवून माणूस चौथ्या दिवशी येणे बंद करतो. मग कागदावर ‘रुग्ण उपचार सोडून गेला’ अशी नोंद होते. प्रत्यक्षात उपचारच त्याच्या आवाक्याबाहेर गेलेला असतो.

यावर मोठी यंत्रे किंवा नव्या इमारती हा पहिला उपाय नव्हे. बहुतेक दुखापतींत दहा भेटींची गरजच नसते. पहिल्या भेटीत नीट तपासणी आणि तीन-चार व्यायाम हाताला धरून शिकवणे, दोन आठवड्यांनी व्यायाम बरोबर होतो का ते पाहणे, सहा आठवड्यांनी तो वाढवून देणे, अशा तीन-चार भेटी आणि मध्ये फोनवर विचारपूस यांत पुष्कळ काम होते. ग्रामीण रुग्णालयात आठवड्यातून ठरावीक दोन दिवस, बाजाराचा वार धरून, फिजिओथेरपिस्ट बसला तरी मोठा फरक पडेल. उपकेंद्रांतील समुदाय आरोग्य अधिकारी आणि आशा सेविकांना तोलाचे आणि कमरेचे मोजके व्यायाम शिकवता येतील. फिजिओथेरपीच्या विद्यार्थ्यांची इंटर्नशिप काही आठवडे ग्रामीण रुग्णालयात ठेवता येईल. कागलचे आमदार हसन मुश्रीफ यांच्याकडेच राज्याचे वैद्यकीय शिक्षण खाते आहे. अशा प्रयोगाची सुरुवात याच तालुक्यातून झाली, तर ते शोभून दिसेल. आणि भरती करणाऱ्या खात्यांनी मैदानी चाचणीची तारीख तीन महिने आधी निश्चित सांगितली, तरी अनेक नडग्या वाचतील.

काही खुणा दिसल्या तर व्यायामाच्या भरवशावर थांबू नये. कंबरदुखीबरोबर लघवी-संडासवरचा ताबा जाणे, जांघेत बधिरपणा, पायातली ताकद कमी होणे, ताप किंवा विनाकारण वजन घटणे. प्लॅस्टर वा ऑपरेशननंतर पोटरी सुजून दुखणे. सांधा वाकडा दिसणे किंवा अडकून बसणे. यांपैकी काहीही झाले तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

बाकीच्या दुखापतींत डॉक्टरांनी ‘आराम करा’ असे सांगितले, तर केबिनमधून उठण्याआधी रुग्णाने दोन प्रश्न विचारावेत: आराम नेमका किती दिवस? आणि त्यानंतर कोणता व्यायाम, किती वेळा? पहिल्या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा दिवसांत असते, दुसऱ्याचे आठवड्यांत. ती उत्तरे चिठ्ठीवर लिहून घ्यावीत. औषधाची चिठ्ठी जशी जपून ठेवतो, तशी तीही ठेवावी.